पुस्तकात आठ होतं

चि. रेवा आणि चि. अन्वय यांना अनेक आशीर्वाद.

हे पत्र मराठीत आहे. इंग्रजीत तुम्हाला सोपं गेलं असतं आणि मलाही. बत्तीस वर्षं मी दुसरं काही शिकवलं नाही. पण या पत्राच्या दोन प्रती निघणार आहेत. एक तुम्हाला येईल. दुसरी येळ्ळूरला भरमा मिस्त्रींच्या घरी जाईल आणि त्यांची सून ती त्यांना वाचून दाखवेल. त्यांच्या घरी जे वाचलं जाईल तेच तुम्हीही वाचावं, एक शब्द इकडेतिकडे होऊ नये, म्हणून मराठी. अडलं तर बाबांना विचारा. त्यांनाही यातलं निम्मं माहीत नाही.

निमित्त तुमचंच झालं. आजोबा गेल्यापासून दर रविवारी सकाळी मी आपली जुनी राखाडी गाडी सुरू करते आणि दहा मिनिटं अंगणात तशीच ठेवते. कुठे जात नाही. मागे एका रविवारी तुमचा फोन आला तेव्हा मी तो बॉनेटवर उभा करून बोलत होते. रेवाने मधेच विचारलं, आजी, तुझ्याकडे मोठं घड्याळ आहे का? मी म्हटलं, नाही गं. मग तो टकटक आवाज कसला, असं तिने विचारलं आणि मी विषय बदलला.

आवाज मला महिनाभर ऐकू येत होता. दुसऱ्या दिवशी अन्वयने इंटरनेटवरून जुन्या इंजिनाच्या टकटकीची सगळी कारणं काढून पाठवली. मी ती छापून घेतली, भोकं पाडून 'वाहन' या फाइलला लावली. यादीत पहिलाच शब्द होता टॅपेट. मी फाइल मिटून कपाटात ठेवली. तुमचे बाबा सातवीत होते तेव्हापासून तो शब्द मी तोंडातून काढलेला नाही.

निपाणीच्या आमच्या घरात तीन वास असत. एक तंबाखूचा. हंगामात तो इतका आत शिरे की कपाटातल्या घडीच्या साड्यांनाही यायचा, आणि बेळगावहून आलेले माझे माहेरचे लोक दारातच शिंकायला लागत. दुसरा संकेश्वरी मिरचीचा, समोरच्यांच्या गच्चीवर ती वाळायला पडली की चार दिवस. आणि तिसरा रविवारचा, रॉकेलचा. रविवारी नऊच्या सुमारास पेरूच्या झाडाला एक सायकल टेकून उभी राही आणि थोड्या वेळाने तो वास स्वयंपाकघराच्या खिडकीतून आत येई.

ती सायकल भरमा मिस्त्रींची. स्टँडजवळ त्यांचं पत्र्याचं शेड होतं, तिथे ते गाड्या दुरुस्त करत. आजोबा तंबाखूच्या वखारीत मॅनेजर होते. आठवडाभर व्यापाऱ्यांशी कानडीत आणि मराठीत बोलून ते इतके थकून येत की घरी आल्यावर त्यांच्या तोंडून मीठ वाढ एवढंच निघायचं. पण रविवारी ते बोलत. गाडीला काही झालेलं नसलं तरी बॉनेट उघडलं जाई. जुना पेपर पसरून त्यावर चार प्लग ओळीने मांडले जात आणि तुमच्या बाबांच्या टाकून दिलेल्या टूथब्रशने आजोबा ते घासत बसत. वखारीतली भांडणं, कुणाच्या शेतात काय पिकलं, कुणाची मुलगी कुठे दिली, सगळं त्या पेपराभोवती. मधे कांदा घातलेलं भडंग. मला त्यांचं हसणं ऐकू येई, शब्द येत नसत. मी कधी बाहेर जाऊन बसले नाही. एका मिस्त्रीशी माणसाने इतकं काय बोलायचं, असं मला वाटे. भरमांचा चहाचा पेला वेगळा होता. स्टीलचा, बुडाशी चेपलेला. तो कुणी वेगळा काढला ते आठवत नाही असं मी आत्तापर्यंत स्वतःला सांगत आले. मीच काढला.

भरमांचं मुख्य हत्यार त्यांचा कान. हातभर लांब, लाकडी मुठीचा एक स्क्रूड्रायव्हर त्यांच्याकडे होता. चालू इंजिनावर त्याचं टोक टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची आणि डोळे मिटायचे. मग थोडं सरकवायचं, पुन्हा डोळे मिटायचे. आजोबाही हौसेने तसंच करून बघत आणि त्यांना काही म्हणजे काही कळत नसे.

"काय म्हणतंय रं?" ते विचारत.

"भूक लागलीया म्हणतंय, आण्णा. भडंग सांगा."

आता टॅपेट म्हणजे काय ते सांगते, नाहीतर पुढचं समजणार नाही. इंजिनाच्या वरच्या भागात झडपा असतात आणि त्या झडपा दाबून उघडणारे लहान दांडे असतात. दांडा आणि झडप यांच्यात केसाएवढी फट ठेवावी लागते, कारण तापलं की लोखंड वाढतं. फट असते म्हणून दांडा झडपेवर आपटतो आणि हलकी टकटक येते. फट वाढली की आवाज मोठा होतो. फट फार कमी केली तर आवाज येत नाही, पण मग झडप पुरती मिटत नाही आणि आतल्या जाळाने हळूहळू जळते. फट मोजायला पोलादी पट्ट्यांचा एक जुडगा असतो, पंख्यासारखा उघडणारा, प्रत्येक पट्टीवर आकडा. इंचाचा हजारावा भाग म्हणजे एक थाव. आमच्या गाडीला आठ थाव हवी होती.

तो आकडा गाडीबरोबर आलेल्या इंग्रजी पुस्तकात होता. पुस्तकाला मी खाकी कव्हर घातलं होतं आणि वर लेबल लावलं होतं. भरमा चौथीपर्यंत कानडी शाळेत गेलेले. त्यांना आकडे वाचता येत. पण त्या पानावर आकड्यांची दाटी होती आणि कोणता आकडा कशाचा हे इंग्रजी आल्याशिवाय कळणारं नव्हतं. आजोबा पुस्तक घेऊन आले की भरमा आधी रॉकेलने हात धूत, मग साबणाने, मग शर्टाला पुसत, आणि तरीही पुस्तक हातात घेत नसत. एक बोट कव्हरला लावून कपाळाला लावत. मला त्याची गंमत वाटे. शाळेत मी ती गोष्ट मुलींना सांगितलीही होती, विद्येबद्दलचा आदर म्हणून.

मी तेव्हा नुकतीच मुख्याध्यापिका झाले होते. गावाच्या टोकाला आमची मुलामुलींची इंग्रजी शाळा, आणि मी स्वतः गाडी चालवत जाणारी. निपाणीत तेव्हा गाडी चालवणाऱ्या बायका दोन-तीनच असतील. मला त्याचा अभिमान होता. एके सकाळी व्हरांड्यातून येताना सातवीच्या वर्गातून आवाज आला, "गप बसा गं, टकटक बाई आली." आणि वर्ग चिडीचूप.

मी दाराशी थांबले. मला वाटलं होतं शाळा माझ्या पावलांना घाबरते. ती गाडीच्या टॅपेटचा आवाज ऐकून सावध होत होती. फाटकापासून ऐकू येई म्हणे. शिपायालाही नाव माहीत होतं, आणि माझ्याच वर्गात बसणाऱ्या तुमच्या बाबांनाही. मला हसता आलं असतं. आजोबांना सांगितलं असतं तर ते आठवडाभर हसले असते. मी कुणालाच सांगितलं नाही.

पुढच्या शनिवारी बक्षीस समारंभ होता. शिक्षण खात्याचे एक साहेब पाहुणे होते आणि त्यांना स्टँडवरून शाळेपर्यंत मीच गाडीतून आणणार होते. आजोबा वखारीच्या कामाने गुंटूरला गेलेले. गुरुवारी मी भरमांना बोलावणं पाठवलं.

ते संध्याकाळच्या उजेडात आले. मी आवाज पूर्ण बंद करायला सांगितला. त्यांनी झाकण काढलं, पट्टी सरकवून बघितली.

"आठ हाय, वैनी. बरोबर हाय. टॅपेट जरा बोलाय पायजे. गप केला की आत व्हॉल्व जळतोय."

मी म्हटलं, आवाज नको. ते म्हणाले, आण्णा येऊ देत, मग बघू. ते काही उर्मट बोलले नव्हते. पण आण्णांची वाट बघायची, हे मला लागलं. मी आत गेले, कपाटातून पुस्तक आणलं, ते पान काढलं आणि त्यांच्यासमोर उघडून धरलं. आठ मला स्वच्छ दिसत होता.

"पुस्तकात चार आहे," मी म्हणाले.

ते पानाकडे बघत राहिले. हात काळे होते म्हणून जवळ आले नाहीत.

"पुस्तकात हाय व्हय चार?"

"मी इंग्रजी शिकवते, भरमा."

"मग काय," ते म्हणाले. "पुस्तकातच असंल तर मग काय."

त्यांनी जुडग्यातली आठची पट्टी मिटली आणि चारची उघडली.

शनिवारी गाडी मांजरासारखी चालली. साहेबांनीही कौतुक केलं, जुनी गाडी पण काय ठेवली आहे. सोमवारी मी आठवीच्या दारात पोचले तरी मुली बोलतच होत्या. दोघींना मी बाकावर उभं केलं. त्या दिवसाचा आनंद मला अजून आठवतो, आणि तो आठवतो याचीच लाज वाटते.

तीन आठवड्यांनी आम्ही तिघं माझ्या बहिणीकडे बेळगावला निघालो. तवंदीच्या घाटात गाडी दम टाकू लागली. आजोबांनी गियर बदलला, पुन्हा बदलला. पुढून फटफट असे बार निघायला लागले, जळका वास आला आणि चढावर गाडी थरथरत उभी राहिली. गुळाच्या एका ट्रकने दोर बांधून आम्हाला परत निपाणीत आणून सोडलं. तुमच्या बाबांना ती मोठी मजा वाटली. मागच्या काचेतून ते मागे राहिलेल्या गाड्यांना हात करत होते. मी पुढे बसले होते आणि मला ठाऊक होतं.

रविवारी भरमा आले. इंजिनाचं डोकं उतरवलं. एक झडप त्यांनी पेपरवर ठेवली. पापडाची कड मोडावी तशी तिची कड एका बाजूने गेलेली होती. मी चहाचा ट्रे घेऊन पायरीवर आले तेव्हा आजोबा पुस्तक उघडून उभे होते.

"भरमा, किती ठेवलंतास रं?"

"चार, आण्णा."

"इथं आठ लिहिलंय. चार कुणी सांगितलं तुला?"

भरमांनी वर बघितलं. आजोबांकडे नव्हे, माझ्याकडे. फार वेळ नाही. एक माणूस दुसऱ्याला रस्ता द्यायला थांबतो, तेवढाच.

मी म्हणाले, "चहा निवतोय."

तेव्हा ते खाली बसले, झडप फडक्यात गुंडाळली आणि म्हणाले, "माझंच चुकलं, आण्णा."

आजोबा ओरडले नाहीत. त्यांनी पुस्तक मिटलं आणि घरात आले. पेला चेपक्या बुडावर तसाच राहिला, त्यावर साय आली. गाडी पुढे कोल्हापूरच्या गॅरेजात दुरुस्त झाली. भरमांना परत बोलावणं गेलं नाही. भांडण नाही, बोलणं नाही. पण निपाणीसारख्या गावात तेवढं पुरतं. वखारीत कुणीतरी विचारलं, आजोबांनी खरं ते सांगितलं, की आठच्या जागी चार ठेवलं होतं. ते स्टँडपर्यंत गेलं. मग भरमांच्या सायकलमागून पोरं ओरडू लागली, चार थाव, चार थाव. तंबाखूच्या गाडीवरून हमालही ओरडत. दीडएक वर्षात त्यांनी शेड सोडलं आणि बायकोच्या माहेरी, बेळगावजवळच्या येळ्ळूरला, जाऊन उद्यमबागेतल्या लोखंड ओतण्याच्या एका कारखान्यात, फाउंड्रीत, लागले. हे मला भाजीवालीकडून कळलं. मी तिच्याकडून मेथीची जुडी घेतली आणि घरात आले.

आणि टकटक परत आली. कोल्हापूरच्या गॅरेजवाल्यांनी आठच ठेवलं होतं, ठेवायला हवं तेवढं. दुसऱ्याच दिवशी फाटकापासून सगळ्या शाळेला कळलं की मी आले. मी निवृत्त होईपर्यंत मुली मला टकटक बाईच म्हणत राहिल्या. माझं नाव गेलं नाही, आणि भरमांना मात्र एक नाव मिळालं.

रविवार मोकळे झाले. आजोबा काही दिवस एकटेच पेपर पसरून प्लग घासत बसले. मग तेही सुटलं. भडंग करणं सुटलं. रविवारी ते शब्दकोडं सोडवत आणि अडलेला शब्द मला विचारत, आणि मला तो येत असे. आमच्या संसारात कशाची उणीव नव्हती असं मी सगळ्यांना सांगते. पण खिडकीतून हसणं पुन्हा आलं नाही. एकदा मी पोळ्या लाटत होते तेव्हा ते दारात येऊन म्हणाले, "भरमा असा चुकायचा नाही गं." माझं लाटणं थांबलं नाही. बेळगावात शहापूरला येऊन राहिल्यावर, अगदी शेवटच्या वर्षी, रस्त्याने एक जुनी गाडी गेली तेव्हा खाटेवरून त्यांनी मान उचलली. म्हणाले, "टॅपेट. भरमाला विचारायला पाहिजे." मी त्यांचं पांघरूण सारखं केलं.

एवढे प्रसंग. मला व्यवस्थित मांडायची सवय आहे म्हणून ओळीने आले. मनात ते ओळीने येत नाहीत. रॉकेलचा वास कुठूनही आला तरी आधी पेल्यावरची साय येते.

तर अन्वयची यादी कपाटात होती आणि टकटक वाढत होती. आमच्या जवळच्या गॅरेजातला माणूस येऊन म्हणाला, टॅपेट गेलेत, वरचं सगळं उघडावं लागेल. मी त्याला थांब म्हटलं. कुणाकुणाला विचारायचं त्यांची नावं कागदावर लिहिली, सहा झाली. सातवं लिहिलं नाही, पण फोन त्यालाच केला. नंबर वखारीतल्या एका जुन्या माणसाकडे मिळाला.

मी माझं नाव सांगितलं. भरमा म्हणाले, "गाडी अजून हाय?"

ते बसने आले. वाळले आहेत, चष्मा आहे, दोन्ही हातांवर फाउंड्रीत उडालेल्या ठिणग्यांचे पांढरे डाग. बोलताना मान वळवून उजवी बाजू पुढे करत होते. "डावा कान उद्यमबागेतच ऱ्हायला," असं सहज म्हणाले. मी चहा दिला, कपबशीत. त्यांनी कप फिरवून बघितला.

"माझा चेपका पेला कुठं गेला, वैनी?"

तो हसण्यावारी केलेला प्रश्न होता. मी साखरेचं भांडं पुढे केलं. पेला आहे. मी तो कधी टाकला नाही आणि कुणाला दिलाही नाही.

शेजारच्यांचे चार यंत्रमाग आहेत, दिवसभर खटखट चालू असते. त्यात इंजिन काय ऐकणार. भरमा म्हणाले, एक वाजू दे, मागकरी जेवायला बसले की ऐकू. आम्ही पायरीवर बसून राहिलो. मागांचा एकेक आवाज बंद होत गेला आणि गल्ली रिकामी झाल्यासारखी वाटली. त्यांनी पिशवीतून तोच हातभर स्क्रूड्रायव्हर काढला. मुठीचं लाकूड काळं गुळगुळीत झालं होतं. गाडी सुरू करायला सांगितली, टोक वरच्या झाकणावर टेकवलं, मूठ उजव्या कानामागे लावली, डोळे मिटले. मग मान हलवली.

"ह्यो टॅपेट न्हाय. एक उदबत्ती द्या."

मला वाटलं देवाला लावायची आहे. त्यांनी ती पेटवून इंजिनाच्या बगलेत धरली, धूर बाहेर नेणारी नळी जिथे इंजिनाला बोल्टांनी जोडलेली असते तिथे. हळूहळू पुढे सरकवत नेली. धूर सरळ वर जात होता. एका जागी आल्यावर तो दचकला. टक झालं की दचके, टक झालं की दचके, जणू तिथून कुणी फुंकर घालत होतं.

"सांध्यातली पॅकिंग फुटलीया. तिथनं हवा निसटतीया. इंजिन तापलं की फट मिटती, मग आवाज कमी हुतोय. बघा तुमी." ते बसून राहिले तोवर टकटक खरंच मंदावली. "सगळी आधी टॅपेटवर आळ घेत्यात. आवाज तिकडनं आल्यागत वाटतंय न्हवं."

उदबत्ती विझवून त्यांनी ती जपून कठड्यावर ठेवली. माझ्याकडे न बघता म्हणाले, "त्या टायमाला तुमचं वाचाय चुकलं असंल, वैनी. लई बारीक अक्षरं असत्यात."

इतक्या वर्षांत त्यांनी माझ्यासाठी एक दार करून ठेवलं होतं. मला फक्त आत जायचं होतं.

"हो," मी म्हणाले. "असेल."

चार दिवसांनी पॅकिंगचा पत्रा घेऊन येतो म्हणून ते गेले. ते चार दिवस मी घर आवरलं. मसाल्याचे डबे पुसले, तुमच्या बाबांची प्रगतिपुस्तकं वर्षवार लावली. खाकी कव्हरचं पुस्तक सापडलं. ते हरवलेलं नव्हतंच. त्या पानावर आजोबांनी आठच्या खाली पेन्सिलीने रेघ ओढली होती. ती रेघ त्या रविवारची असावी. आठच्या शेजारी त्यांनी बारीक प्रश्नचिन्हही काढलं होतं. ते मी पूर्वी कधी पाहिलं नव्हतं.

भरमा आले तेव्हा इंजिन गार होतं. नळी सोडवून त्यांनी जुनी पॅकिंग खरवडून काढली. नवा पत्रा सांध्यावर धरला आणि लहान हातोडीने कडेकडेने हलके ठोके मारत राहिले. खालच्या लोखंडाच्या कडेवर पत्रा आपोआप कापला जातो, कात्री लागत नाही. ठोके मागांच्या खटखटीत मिसळत होते. मी पुस्तक उघडून त्यांच्यासमोर पायरीवर ठेवलं.

"भरमाप्पा, माझं वाचायला चुकलं नव्हतं. पुस्तकात आठ होतं. मला आठ दिसत होतं. मी चार म्हणाले."

हातोडी थांबली. त्यांनी पुस्तकाकडे बघितलं नाही. मग एक भोक राहिलं होतं, ते ठोकून पुरं केलं, फुंकर मारून कचरा उडवला.

"आण्णास्नी सांगितलंसा?"

"नाही."

"कंदीच न्हाय?"

"नाही."

त्यांनी पॅकिंग हातात उलटसुलट करून बघितली. "ते रागावलं नसतं, वैनी. हसलं असतं. आन दुसऱ्या आईतवारी मला बोलवून घेतलं असतं." मग म्हणाले, "शेड गेलं, त्येचं काय न्हाय. फाउंड्रीत बी पोट भरलं. पर आईतवार लई जड गेलं मला. आण्णास्नी बी गेलं असतील."

गेले, मी म्हणाले.

त्यांनी पॅकिंग बसवली, नट आळीपाळीने आवळले. गाडी सुरू केली. मोठी टकटक गेली होती. तिच्या खाली दुसरी एक होती, बारीक, एकसारखी, इतके दिवस मोठीमुळे न ऐकू आलेली. भरमांनी मूठ कानाला लावली नाही. नुसतीच मान वळवून उजवा कान तिकडे केला.

"ह्यो टॅपेट. आठावर हाय. ऱ्हाऊ दे."

मी चहा आणला होता, चेपक्या पेल्यात, कारण त्यांनी विचारला होता. त्यांनी तो घेतला नाही. साबणाने हात धुतले, शर्टाला पुसले आणि माझ्यासमोर उभे राहिले.

"लिवून द्या," ते म्हणाले. "नातू बी मला चार थाव म्हणतोय, मजेनं. त्येला वाटतंय आज्जाला मोजाय येत न्हवतं. मी तोंडानं सांगून कोण ऐकणार? तुमी त्या टायमाला पुस्तक म्हणालासा, मी ऐकलं. आता तुमच्या हातचं लिवलेलं दावलं तर लोक ऐकतील. आन तुमच्या नातवंडास्नी बी लिवा. माझ्या नावानं लिवा."

मला माफ केलं असं ते म्हणाले नाहीत. मी विचारलंही नाही. फाटकापाशी ते थांबले तेव्हा मला वाटलं काही बोलतील. पण ते गाडीकडे मान वळवून ऐकत होते. मग बसला गेले.

म्हणून लिहून देते. भरमा मिस्त्री मोजायला चुकले नव्हते. फट आठ थाव हवी हे त्यांना माहीत होतं, त्यांनी ती आठच ठेवली होती, आणि कमी केली तर झडप जळेल हे त्यांनी मला सांगितलं होतं. पुस्तकात चार आहे असं मी खोटं सांगितलं, आणि नंतर त्यांना विचारलं गेलं तेव्हा मी गप्प राहिले. चूक माझी आहे. हे कुणालाही वाचून दाखवावं.

रेवा, अन्वय, तुमच्या आजोबांना हे मी सांगायला हवं होतं. त्यांना प्रश्न पडला होता आणि उत्तर घरातच होतं. त्यांना आता सांगता येत नाही म्हणून तुम्हाला सांगते आहे, आणि हे काही त्याच्या बदल्यात पुरणारं नाही, हे मला समजतं.

उरलंय ते एवढं. गाडी आहे, रविवारी पहिल्या फटक्याला सुरू होते. खाकी कव्हरचं पुस्तक आहे. आजोबांच्या प्रश्नचिन्हापुढे मी शाईने उत्तर लिहिलं आहे. चेपका पेला आहे. येळ्ळूरला भरमाप्पांचा उजवा कान चांगला आहे. आणि इंजिन तापल्यावरही ती बारीक टकटक चालू राहते, आठ थावाची. ती बंद करायला मी कुणाला सांगितलेलं नाही.

तुमची आजी